दीड गोलाचं शहाणपण

उणे म्हणजे चांगला आणि अधिक म्हणजे वाईट, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कॅनडात जाऊन शिकावं लागलं. त्याआधी चौतीस वर्षं मी बँकेत काढली. तिथे उण्याला उणेच म्हणत, आणि ते ज्याच्या खात्यावर दिसे त्याला कोणी चहा विचारत नसे.

साल 2023, महिना एप्रिल. आम्ही उभयता डोंबिवलीहून मिसिसागाला चिरंजीवांकडे गेलो होतो. "बाबा, तुम्ही आणि आई येऊन जरा आराम करा," असं निमंत्रण होतं. नातू अडीच वर्षांचा असल्यामुळे आरामाचा खरा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक होता. बाहेर एप्रिलातही दात वाजवणारी थंडी. सकाळी दहाला आयपीएल लागायची, कारण तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात झालेले असत. रात्री सातला आइस हॉकी. मधल्या वेळात वरणभाताचे घास, डायपर आणि मिळालीच तर डुलकी.

हॉकी म्हणजे ध्यानचंद, एवढीच माझी शिदोरी. ही हॉकी बर्फावरची. चेंडूऐवजी रबराची काळी चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. तिला पक म्हणतात. ती दिसत नाही. पहिले चार दिवस मला ती एकदाही दिसली नाही. गोल झाल्याचं मी चिरंजीवांच्या उडीवरून ओळखायचो. खेळाडू दर पाऊण मिनिटाला बदलतात, आणि तेही खेळ न थांबवता. धावती लोकल पकडावी तसे कठड्यावरून उड्या टाकून आत शिरतात, आतले तितक्याच घाईनं बाहेर पडतात. डोंबिवलीच्या माणसाला हा भाग समजावून सांगावा लागला नाही.

मी पोचलो आणि प्लेऑफ सुरू झाले. बत्तीस संघांतले सोळा संघ त्यात येतात. एकेका जोडीत जास्तीत जास्त सात सामने, जो चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या. म्हणजे चषक हवा असेल तर सोळा सामने जिंकायचे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हे अनुष्ठान चालतं. अनुष्ठानच म्हणायचं, कारण आपला संघ स्पर्धेत असेपर्यंत खेळाडू दाढी करत नाहीत. आपल्याकडे श्रावणात जे करतात ते हे लोक वैशाखात करतात. खेळाडूंचं पाहून भक्तही दाढी वाढवतात. चिरंजीवांनीही वाढवली होती. सूनबाई मला हळूच म्हणाल्या, "बाबा, काळजी करू नका. टोरंटोच्या लोकांची दाढी पंधरा दिवसांपेक्षा जास्त वाढत नाही."

त्यातली खोच मला नंतर कळली. हा चषक लॉर्ड स्टॅन्ले नावाच्या गव्हर्नर जनरलनं 1892 मध्ये देऊ केला. दहा गिनींचं चांदीचं भांडं. त्याच सुमारास आपल्या मुंबईत लॉर्ड हॅरिस गव्हर्नर होते, ज्यांच्या नावाच्या ढालीसाठी शाळकरी पोरं अजून उन्हात करपत असतात. त्या काळच्या लॉर्ड लोकांना भांडं नाहीतर ढाल मागे ठेवून जायची हौसच असावी. स्टॅन्लेसाहेब पुढच्याच वर्षी मायदेशी परतले आणि आपल्या चषकासाठीचा एकही सामना त्यांना बघायला मिळाला नाही. टोरंटोत या गोष्टीचं कोणाला विशेष वाटत नाही. तिथल्या मेपल लीफ्स संघानं हा चषक शेवटचा जिंकला 1967 साली. चिरंजीव, चिरंजीवांचे साहेब आणि त्या साहेबांचे साहेब, कोणालाच तो आठवत नाही. 2004 नंतर तर त्यांनी पहिली फेरीही ओलांडली नव्हती. 2013 मध्ये बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या सत्रात 4-1 अशी आघाडी असताना ते 5-4 हरले. चिरंजीव तेव्हा नुकतेच तिकडे गेले होते. कॅनडाचं नागरिकत्व त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळालं. टोरंटोचं त्या रात्रीच मिळालं.

आता मूळ मुद्द्याकडे. टीव्हीवर सामन्याआधी दोन्ही संघांच्या नावापुढे आकडे येत. एकाला उणे 150, दुसऱ्याला अधिक 130. मी स्वाभाविकपणे अधिकवाल्याच्या बाजूनं झालो. चिरंजीवांनी सुधारलं. उणे 150 म्हणजे शंभर कमवायला दीडशे लावायचे, अर्थात हा संघ जिंकण्याची शक्यता जास्त. अधिक 130 म्हणजे शंभर लावून वर एकशे तीस, अर्थात हा बहुधा मार खाणार. मी म्हटलं, "म्हणजे हा भाव झाला." चिरंजीव म्हणाले, "बाबा, इथे त्याला ऑड्स म्हणतात." भावाला ऑड्स म्हटलं की तो कायदेशीर होत असावा.

आणि खरंच कायदेशीर होता. ऑगस्ट 2021 पर्यंत कॅनडात एकाच सामन्यावर पैसे लावायला बंदी होती. किमान दोन-तीन सामन्यांचे निकाल एकत्र ओळखायचे, तरच सरकार तुमची चिठ्ठी घेणार. एका वेळी एकच चूक करायला मनाई असलेला हा मी पाहिलेला पहिला देश. नंतर तो कायदा बदलला, आणि 4 एप्रिल 2022 पासून आँटेरिओ प्रांतात खासगी कंपन्यांना दारं उघडली. मी गेलो तेव्हा त्या सोहळ्याला जेमतेम वर्ष झालं होतं आणि जाहिरातींचा नुसता पाऊस पडत होता. वेन ग्रेट्स्की म्हणजे या खेळातला देव. कॉनर मॅकडेव्हिड म्हणजे आजचा राजकुमार. दोघंही टीव्हीवर येऊन बेटिंगच्या ॲपचं गुणगान करत. आपल्याकडे लालबागच्या चाळीतल्या भिंतीवर थोर फलंदाजाचा फोटो आणि खाली 'ओपन लावा, क्लोज लावा' असं लिहिलेलं मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. (पुढे फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस खेळाडूंना अशा जाहिरातींत घ्यायला आँटेरिओनं बंदी केली. तोवर माझे पैसे गेले होते.)

लालबागची चाळ आठवायला कारण आहे. माझं बालपण तिथलं. आमच्या मजल्यावर अण्णा नावाचे एक गिरणी कामगार होते, आकडा लावणारे. स्वप्नात साप दिसला, बसचा नंबर जुळला, पोराला शाळेत अमुक मार्क पडले, सगळ्याचा त्यांच्याकडे आकडा होता. मटक्याचा उगम कुठला ते मला फार पुढे कळलं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती रुपयांना, म्हणजे डॉलरला, उघडला आणि कितीला बंद झाला, ते टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचं आणि इथे त्यावर पैसे लागायचे. 1961 मध्ये तो प्रकार थांबला, तेव्हा मग चिठ्ठ्या, पत्ते आणि मटका किंग रतन खत्री. म्हणजे समुद्रापलीकडच्या ज्या गोष्टीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, तिच्यावर पैसे लावायची परंपरा मुंबईची जुनीच. अण्णांनी न्यूयॉर्कचा कापूस पाहिला नव्हता, मला पक दिसत नव्हता. फरक एवढाच, की अण्णांच्या घरातली पितळेची भांडी एकेक करून कमी होत गेली आणि शेवटी अण्णांच्या बायकोनं चहा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करायला घेतला. ते पातेलं मला मिसिसागात अधूनमधून आठवायचं. सामना सुरू झाला की विसरायचं.

माझी सुरुवात चिरंजीवांच्या ऑफिसातल्या पूलपासून झाली. वीस डॉलर भरायचे आणि चषक कोण जिंकणार ते सांगायचं. मी बँकेचा माणूस. दोन संध्याकाळी वही घेऊन अभ्यास केला. 'अभ्यास' हा शब्द मुद्दाम लिहितो. मराठी मध्यमवर्गीय माणूस जुगार खेळत नाही, तो अभ्यास करतो. नंतर पैसे जातात तो भाग वेगळा. माझ्या अभ्यासात बॉस्टन पहिलं आलं. त्या मोसमात त्यांनी 65 सामने जिंकले होते, 135 गुण मिळवले होते. लीगच्या इतिहासात एवढं कोणी केलं नव्हतं. मी बॉस्टन लिहिलं. याला मी पैज समजतच नव्हतो, मुदत ठेव समजत होतो.

चिरंजीवांच्या शेजारी एक हॉकीभक्त आजोबा राहत. त्यांनी मला 2019 ची कथा सांगितली. त्या वर्षी 3 जानेवारीला सेंट लुईसचा संघ सगळ्या लीगमध्ये तळाला होता. त्यांच्या एका चाहत्यानं लास वेगासमध्ये 250ला 1 या भावानं त्यांच्यावर 400 डॉलर लावले. जूनमध्ये संघानं चषक जिंकला आणि गड्याच्या हातात एक लाख डॉलर पडले. सत्यनारायणाच्या पोथीत लाकूडतोड्याला धन मिळतं ना, तशी ही तिकडची फलश्रुती. पोथीत प्रसाद न घेतलेल्यांचं काय झालं तेही सांगतात. आजोबांच्या कथेत चारशे डॉलर लावून घरी गेलेल्या बाकीच्यांचा अध्याय नव्हता.

मला चिठ्ठी मिळायची ती कोपऱ्यावरच्या दुकानात. दूध, पाव आणि सरकारी लॉटरीचं मशीन एकाच काउंटरवर. आपल्याकडे असल्या ठिकाणी पोलीस धाड घालतात. तिथे सरकार स्वतःच मशीन मांडून बसलेलं. अट एकच, वय एकोणीस पूर्ण हवं. ती मी 1976 सालीच पूर्ण केली होती. दुकानदार मेहसाण्याचे. पहिली चिठ्ठी देताना म्हणाले, "अंकल, पंधरा साल से बेच रहा हूँ, एक भी नहीं ली." मी हसलो. माणूस आपल्या अनुभवातून कळवळून बोलतोय हे हसता हसता कळायला हवं होतं.

दीड गोलाची गोष्ट इथून सुरू होते. टोरंटोची पहिल्या फेरीत गाठ पडली टँपाशी. पहिला सामना 7-3 हरले, घरात सुतक. दुसरा 7-2 जिंकले. त्या रात्री मला 'पक लाइन' नावाची चीज कळली. टोरंटो उणे 1.5. म्हणजे टोरंटोनं नुसतं जिंकून भागत नाही, दीड गोलाहून अधिक फरकानं, अर्थात किमान दोन गोलांनी जिंकायचं. तसं झालं तर दहा डॉलरवर साधारण वीस सुटतात. अर्धा गोल आजवर कोणी केलेला नाही. तो बरोबरीची भानगड नको म्हणून बुकीनं घातलेला असतो. मी विचार केला, पाच गोलांनी जिंकलेल्या संघाला दोन गोल काय जड आहेत? असा विचार करणाऱ्यासाठी आपल्या भाषेत शब्द तयारच आहे. दीडशहाणा.

तिसरा सामना, दहा डॉलर. टोरंटो जिंकलं, 4-3, ओव्हरटाइममध्ये. चौथा सामना, दहा डॉलर. 4-1 असे मागे पडलेले, शेवटच्या सत्रात तीन गोल करून बरोबरी, मग ओव्हरटाइममध्ये 5-4. चिरंजीव सोफ्यावरून जमिनीवर, नातू चिरंजीवांच्या पाठीवर, आणि मी वहीत उणे दहा लिहितोय. पाचवा सामना हरले, त्याचं दुःख निदान सगळ्या घराला सामायिक होतं.

सहावा सामना 29 एप्रिलचा. 1-1 अशी बरोबरी झाली आणि ओव्हरटाइम सुरू झाला. इथे मला एक शोध लागला, जो अभ्यासात आधीच लागायला हवा होता. प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये पहिला गोल झाला की सामना संपतो. म्हणजे जिंकणारा फक्त एकाच गोलानं जिंकणार. म्हणजे ओव्हरटाइम सुरू झाला त्याच क्षणी माझे दहा डॉलर गेलेले होते. आता कोणी जिंको, कोणी हरो, मी वारलो होतो. सगळं घर श्वास रोखून बसलेलं आणि त्यात मी एकटाच निर्विकार, तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखा.

गोल केला जॉन टवारेसनं. आडनाव पोर्तुगीज वळणाचं. सौ.चं माहेर मडगावचं, पहिल्या दिवशी हे नाव ऐकून ती म्हणाली होती, "आमचोच तो." तो टोरंटोकडचाच आणि आजी-आजोबा पोर्तुगालहून आलेले, हे तिला सांगून उपयोग झाला नाही. तिच्या हिशेबी मडगावच्या पोरानं एकोणीस वर्षांचं ग्रहण सोडवलं होतं. टोरंटोच्या रस्त्यांवर माणसं उतरली, भोंगे वाजले, अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. टीव्हीवर लोकांचे डोळे भरून आलेले दाखवत होते. चिरंजीवांचेही आले. माझ्या डोळ्यांतही पाणी बघून सूनबाईंनी "बाबांनासुद्धा किती लागलंय बघा!" असं म्हणत शिऱ्याला रवा भाजायला घेतला. कारण मी सांगितलं नाही. शिरा उत्तम झाला होता.

दुसऱ्या दिवशी माझी मुदत ठेव बुडाली. बॉस्टन विरुद्ध फ्लोरिडा. फ्लोरिडा हा कसाबसा प्लेऑफमध्ये घुसलेला संघ. बॉस्टन 3-1 पुढे होतं, तिथून दोन सामने हरलं. सातव्या सामन्यातही एक मिनिट शिल्लक असेपर्यंत 3-2 पुढे होतं. फ्लोरिडानं बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये 4-3 जिंकलं. 65 विजय, 135 गुण, पहिल्याच फेरीत घरी. शेजारचे आजोबा म्हणाले, 2019 मध्ये टँपाचं असंच झालं होतं; 62 सामने जिंकून आले आणि पहिल्या फेरीत सरळ 4-0 हरले. हे त्यांनी मला पूलमध्ये पैसे भरल्यावर सांगितलं.

या खेळात गोलच इतके थोडे, की एखादा पक कोणाच्या बुटाला लागून, कोणाच्या काठीला चाटून आत गेला की सहा महिन्यांचा पराक्रम रद्द. अभ्यासाला यात जागा किती? थोडी आहे. आणि ती थोडी जागा बुकीनं आधीच व्यापलेली असते. दोन संघ अगदी तुल्यबळ असतील तर टीव्हीवर दोघांच्याही पुढे उणे 110 येतं. दोघेही उणे! शंभर मिळवायला दोन्हीकडच्यांनी एकशे दहा लावायचे. मधले दहा भाव ठरवणाऱ्याचे. हे दिसलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. ठेवीवर सहा टक्के, कर्जावर दहा, मधले चार म्हणजे बँक. चौतीस वर्षं मी हेच केलं होतं, फक्त काउंटरच्या आतल्या बाजूनं. एवढं कळल्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी वहीत ती आकडेमोड सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो.

दुसऱ्या फेरीत टोरंटोसमोर तेच फ्लोरिडा. मी उणे दीडवरच ठाम. लागोपाठ चार वेळा गेलं, तेव्हा पाचव्या वेळी येणारच, असं माझं गणित. नाणं मागचं लक्षात ठेवत नाही हे मला माहीत होतं. पण नाण्याला चार वेळा संधी दिल्यावर त्याला थोडी लाज असावी अशी अपेक्षा होती. टोरंटो तीन सामने हरलं, चौथा जिंकलं. किती? 2-1. त्या प्लेऑफमध्ये टोरंटोनं एकूण पाच सामने जिंकले. त्यातले चार एकेका गोलानं. उरलेला पाचवा तो 7-2 चा, ज्यावर मी पैसे लावले नव्हते. 12 मे रोजी पाचवा सामना ओव्हरटाइममध्ये 3-2 हरून टोरंटो बाहेर पडलं. पंचवीस दिवसांची दाढी चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवली. सूनबाईंचा अंदाज दहा दिवसांनी चुकला. पण त्यांनी पैसे लावले नव्हते.

खरं तर तिथेच वही मिटायला हवी होती. पण 18 मेच्या रात्री, घरात सगळे झोपलेले असताना, मी कॅरोलायना विरुद्ध फ्लोरिडा लावून बसलो. पाच डॉलर, दोन्ही संघांचे मिळून साडेपाचाहून जास्त गोल होणार यावर. (हा अर्धा गोल सगळीकडेच असतो.) 2-2 वर ओव्हरटाइम. आता आणखी एकच गोल होणार, एकूण पाच, पैसे गेले. टीव्ही बंद करून झोपायचं, एवढंच काम उरलं होतं. पण पहिला ओव्हरटाइम वीस मिनिटांचा, तो कोरा. दुसरा कोरा. तिसरा कोरा. 1936 मध्ये डेट्रॉइट आणि माँट्रियलच्या मरून्स संघांत असा एक सामना सहा ओव्हरटाइम चालला होता आणि 1-0 असा संपला होता. तो विक्रम डोळ्यांदेखत मोडतो की काय, म्हणून मी ब्लँकेट घेऊन बसलो. चौथ्या ओव्हरटाइमचे 13 सेकंद उरले असताना फ्लोरिडाच्या मॅथ्यू कचकनं गोल केला. रात्रीचे दोन वाजत आले होते. ज्या दोन गावांशी माझा काडीचा संबंध नाही, ज्यांच्यावरचे पैसे तीन तासांपूर्वीच गेलेत, त्यांच्यासाठी मी अंधारात उभा राहून दबक्या आवाजात टाळ्या वाजवत होतो. आणि त्या रात्री मला पहिल्यांदा पक दिसला. अगदी स्पष्ट.

सौ. दारात उभी होती. "अहो, जिंकलात का?"

"हरलो."

"मग टाळ्या कसल्या?"

याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

चषक 13 जूनला लास वेगासनं जिंकला. शेवटच्या सामन्यात फ्लोरिडाला 9-3 असं लोळवून. सहा वर्षांपूर्वी तो संघ एकही सामना खेळलेला नव्हता. जगभरचे लोक जिथे पैसे हरायला जातात, त्या गावानंच शेवटी चषक उचलला. मेहसाण्याचे गृहस्थ एवढंच म्हणाले, "देखा?" ऑफिसातला पूल जिंकला तो पूल चालवणाऱ्यानं; मी नोकरीत असतो तर ऑडिट लावलं असतं.

विमानात बसण्यापूर्वी वही पूर्ण केली. पूलचे वीस. उणे दीडच्या नऊ चिठ्ठ्या, प्रत्येकी दहा, एकूण नव्वद. 18 मेच्या रात्रीचे पाच. एकूण उणे 115 डॉलर, साठच्या भावानं जवळजवळ सात हजार रुपये. बेरीज दोनदा तपासली आहे. सौ.नं ती वही पाहिली तर तिला एवढंच सांगणार आहे, की तिकडच्या पद्धतीनं उणे 115 म्हणजे जिंकण्याची शक्यता जास्त.